कोन फिल्टर, फ्री-फ्लो एक्झॉस्ट, रिमॅप: साध्या पेट्रोल गाडीवर हा खर्च करावा का?

तुमची गाडी १.२ लिटरची, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली पेट्रोल आहे आणि कात्रज घाटात धापा टाकते, म्हणून विचारताय. माझं स्पष्ट मत: नका करू.

कोन फिल्टर, म्हणजे कंपनीच्या बंद डब्याऐवजी लावतात तो शंकूसारखा उघडा एअर फिल्टर, मी स्वतः लावून पाहिलाय. आवाज भारदस्त येतो, गाडी पळतेय असंही वाटतं. पण उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ, म्हणजे ऑक्सिजन कमी. मे महिन्यात स्वारगेटच्या ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं अडकून निघालो की पिकअप उलट मंदावलेला जाणवायचा. कंपनीच्या फिल्टरच्या डब्याचं तोंड पुढे ग्रिलकडे असतं, ते उगाच नाही. शिवाय पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. विनाटर्बो इंजिनाची थोडी ताकद इथल्या विरळ हवेतच जाते, ती फिल्टरने परत येत नाही. फ्री-फ्लो एक्झॉस्टचंही (धूर कमी अडवणारा सायलेन्सर) तेच, आवाज जास्त आणि फरक नगण्य.

रिमॅपचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलण्याचं, गणित वेगळं. टर्बो असेल तर बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवून ताकद खरोखर वाढते, पण क्लचवर ताण येतो आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. तुमच्या इंजिनात फारसं काही हाती लागणार नाही.

त्यापेक्षा नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून चांगले स्पार्क प्लग आणि कंपनीचाच एअर फिल्टर आणा, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करून घ्या, टायरची हवा बघा. आणि घाटात तिसऱ्यावर रेंगाळू नका, वेळेत दुसरा टाका. या इंजिनांचा जोर ३५०० आरपीएमच्या वरच निघतो.