ऑनलाइन तालमींवर नाटक उभं राहतं का?

तुमच्या गटातले दोघे नोकरीमुळे बाहेरगावी आहेत, तर कोरोनात लोक करायचे तशा ऑनलाइन तालमी चालतील का, असं तुम्ही विचारलंय. पाठांतरापुरत्या चालतील. हालचाली मात्र त्यात बसवू नका.

आमचं गाव रत्नागिरीजवळ. त्रिपुरी पौर्णिमेला देवळासमोर गावच्याच पोरांनी नाटक करायचं, ही आजोबांच्या वेळची रीत. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा नाटक ठरलेलं होतं आणि निम्मी मंडळी मुंबईत अडकलेली. मे महिन्यात आमचा नायक कसाबसा गावी आला तो थेट शाळेत, १४ दिवस क्वारंटाइन. चौथीच्या वर्गातून तो फोनवर संवाद म्हणायचा, मागे फळ्यावर बेचा पाढा.

झूमवर फुकटात ४० मिनिटं मिळायची, त्यामुळे पहिला अंक घोटून पाठ आणि तिसरा कच्चा. पण खरी गोची वेगळी. दोघे एकदम बोलले की ॲप एकाचा आवाज ठेवतं आणि दुसऱ्याचा दाबतं. भांडणाच्या प्रसंगात आमचे सख्खे भाऊ इतक्या अदबीने पाळीपाळीने भांडायचे की हसू यायचं. आणि पॉज! समोरचा थांबला तर अभिनय करतोय, विसरलाय की रेंज गेली, काही कळेना. प्रॉम्प्टर काका लगेच पुढचं वाक्य पुरवायचे. शेवटी पोरांनी थांबणंच सोडून दिलं. ही खोड मोडायला पुढे फार दिवस गेले.

पाऊस सरल्यावर गावात होते तेवढ्यांनी खळ्यात तालीम सुरू केली. काकांनी सहा फुटांची बांबूची काठी घेऊन सारवलेल्या जमिनीवर चुन्याच्या फुल्या मारल्या. फुली सोडली की काठी आपटायचे. मास्क लावून मोठ्याने बोललं की कापड तोंडात ओढलं जायचं, दोन पानांत धाप लागायची. तोंडच झाकल्यामुळे मान आणि डोळे मात्र बोलायला लागले. एवढं एक पदरात पडलं. त्या वर्षी उत्सवात फक्त पूजा झाली. २०२१ मध्ये दुसरी लाट आणि मे महिन्यात तौक्ते वादळ, मग तालमी पुन्हा बंद.

म्हणून सांगतो, वाचन आणि पाठांतर खुशाल फोनवर करा, पण प्रयोगाआधी निदान दहा दिवस त्या दोघांना रजा काढायला लावा.

आमचा प्रयोग शेवटी २०२२ च्या त्रिपुरीला झाला. बाप-लेकाच्या भेटीचा प्रसंग. लेक धावत आला आणि बरोबर सहा फुटांवर थांबला. बापही जागचा हलेना. तेवढ्यात विंगेतून काकांचा आवाज, पार मागच्या रांगेपर्यंत: "अरे मेल्या, मिठी मार!"