टीमचं नाव: महाराज नको, महाराजांचा किल्ला चालेल

परदेशात राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. बारा वर्षांखालच्या मुलांची क्रिकेट टीम उभी राहतेय, ११ जणांत ६ मराठी, २ बंगाली, १ गुजराती आणि २ तिथलीच मुलं. महिनाअखेरीस लीगला नाव कळवायचंय. बाबा मंडळींचं म्हणणं, छत्रपतींचंच नाव द्यायचं. मुलांना कुठेतरी वाचलेलं 'बर्गी' आवडलंय. आणि टीममधली सगळ्यात लहान मुलगी 'हिरकणी' म्हणतेय, पण तिचं कोणी ऐकत नाहीये.

ताई, बाबांना काय सांगायचं ते आधी बघू, कारण त्यांची भावना खरी आहे आणि तिला धक्का न लावता सांगायला हवं. टीम म्हटली की ती हरणार, पहिल्याच सीझनला चार-पाच मॅच तरी हरणार, आणि मग ग्रुपवर मेसेज येणार की अमुक टीमने शिवाजीला ९ विकेटने हरवलं, प्रेक्षकांतून त्या नावाला हुर्यो होणार, नाव छापलेली जर्सी चिखलात लोळून येणार. हे त्याच बाबांना बघवणार नाही. देवांच्या नावाचंही तसंच. म्हणून माझं मत पक्कं आहे, पूज्य माणसाचं नाव घेऊ नका, त्याने उभं केलेल्या गोष्टीचं घ्या. सिंधुदुर्ग घ्या, १६६४ साली भर समुद्रात कुरटे बेटावर बांधायला सुरुवात केली, चारही बाजूंनी लाटा आणि मधे तटबंदी, बचाव चांगला असलेल्या टीमला याहून काय पाहिजे. पुराणातलंच हवं असेल तर जटायू बघा. समोर रावण आहे, आपण म्हातारे झालोय, हे माहीत असून तो आडवा गेला आणि पडला. हरण्याने त्याचं नाव कमी झालं नाही, त्यामुळे मॅच हरली तरी हे नाव शोभतं, आणि रामायण माहीत असलेल्या कुठल्याही घरातल्या मुलाला ते आपलं वाटतं.

आता 'बर्गी'. हे मात्र नक्की नको, आणि का नको ते मुलांना नीट बसवून सांगा. मूळ शब्द आपला बारगीर, म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं तो स्वार, स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. पण १७४१ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, गावं लुटली, आणि तिकडे बर्गी हा शब्द भीतीचा झाला, इतका की बंगाली आया आजही बाळाला झोपवताना म्हणतात त्या अंगाईत बर्गी देशात आले असं येतं. तुमच्या टीममधल्या त्या दोन बंगाली मुलांनी ती अंगाई घरी ऐकलेली असू शकते. आपल्याला पराक्रम वाटणारी गोष्ट शेजारच्या घरात जखम असते, हे दहा-अकराव्या वर्षी कळलं तर चांगलंच आहे. त्याच घराण्यातला 'शिलेदार' शब्द घ्या ना, त्याने कुणाला काही टोचत नाही.

आणि ही चूक मोठमोठे क्लबही करतात बरं का. अमेरिकेत ह्यूस्टनच्या फुटबॉल क्लबने २००६ मध्ये '१८३६' हे सालच नाव म्हणून जाहीर केलं, टेक्सास मेक्सिकोपासून वेगळं झालं ते साल, शहर वसलं तेही त्याच साली. शहरातल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांना ते लागलं आणि काही आठवड्यांतच नाव बदलून डायनॅमो केलं. उलट शिकागोचा क्लब १८७१ च्या भीषण आगीवरून नाव घेऊन 'फायर' झाला, कारण ते संकट सगळ्या शहराचं होतं, कुणी कुणाला हरवलेलं नव्हतं. माझ्या मते फरक एवढ्यातच आहे.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आलेली दिसत नाही, तुम्ही राहता त्या गावाचा इतिहास. मुलं तिथे वाढतायत, दोन मुलं तर तिथलीच आहेत, त्यांचंही काहीतरी नावात नको का? फक्त तिथल्या मूळ रहिवासी जमातींची नावं उचलू नका, तो त्यांचा मान आहे, क्लीव्हलंडच्या बेसबॉल टीमनेही 'इंडियन्स' नाव सोडलं आणि २०२२ च्या सीझनपासून 'गार्डियन्स' घेतलं. ते आलं कुठून, तर शहरातल्या १९३२ च्या पुलावर दगडात कोरलेले आठ रक्षक आहेत त्यांच्यावरून. म्हणजे रोज गाडीतून जाताना दिसणारा पूल! तुमच्याकडेही जुना पूल असेल, बंदर, खाण, दीपगृह, नदी काहीतरी असेलच. एका शनिवारी अकराही मुलांना लायब्ररीत न्या आणि स्थानिक इतिहासाच्या कपाटासमोर तासभर सोडा, मग आधी तिथलं नाव आणि नंतर आपला शब्द अशी जोडी जमते का बघा, नदीचं नाव घेऊन पुढे शिलेदार लावलं तरी ऐकायला छान वाटतं.

उच्चाराचंही बघा. नाव छोटं हवं, 'ळ' आणि 'ण' शक्यतो नको, कारण माईकवरचा माणूस आणि समोरची टीम त्याचं काय करेल सांगता येत नाही, आणि मुलांना स्वतःचंच नाव सारखं दुरुस्त करत बसावं लागतं. मैदानात दोन टोकांना उभं राहून ओरडायला लावा, पलीकडच्याला कळलं तर ठेवा. जटायू या परीक्षेत सहज पास होतं.

राहिली हिरकणी. 'ण' आहे खरा, पण तो नियम मी इथे मोडेन. रायगडाचे दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं बाळ, म्हणून एक गवळण अंधारात कडा उतरून गेली, आणि तिच्या नावाचा बुरूज आजही तिथे आहे. यात कुणाचा पराभव नाही, कुणाची लूट नाही, आणि कुठल्याही देशातल्या मुलाला ही गोष्ट एका दमात कळते. त्या लेकीला मतदानाच्या आधी उभं करा आणि ही गोष्ट तिच्या तोंडून सगळ्या टीमला सांगू द्या, मराठीत नाही, सगळ्यांना समजेल त्या भाषेत. मग चिठ्ठ्या टाका, अकराच्या अकरा मुलांच्या, आईबाबांची एकही नको.