पर्यावरण कायद्याच्या अंमलबजावणीमुळे कंपन्यांची शाश्वततेतील कामगिरी खरोखर सुधारते का?

सुधारते; मात्र कायदा कागदावर किती कडक आहे यापेक्षा तो मोडणारा पकडला जाण्याची शक्यता किती आहे, यावर ती सुधारणा अधिक अवलंबून असते. दंडाची रक्कम सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवण्याच्या खर्चाहून कमी असेल आणि तपासणी क्वचित, तीही आधी कळवून होत असेल, तर व्यवस्थापन दंडालाच नेहमीचा खर्च समजते. यंत्रणा बसवलेली असते, पण वीज वाचवण्यासाठी रात्री ती बंद ठेवून पाणी तसेच नाल्यात सोडले जाते. चीनने १ जानेवारी २०१५ पासून लागू केलेल्या सुधारित कायद्यात, आदेशानंतरही प्रदूषण न थांबवणाऱ्यांना प्रत्येक दिवसासाठी तेवढाच दंड पुन्हा लावत राहण्याची तरतूद केली. मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे टाळाटाळ करणेच महाग पडते.

अंमलबजावणी फक्त अहवाल तपासण्यापुरती उरली, तर सुधारतात ते अहवालच. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील सॉफ्टवेअर चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरतेच उत्सर्जन आटोक्यात ठेवत असे, हे २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जाहीर केले. त्यामुळे प्रत्यक्ष वापरातील सततचे मोजमाप आणि त्याची आकडेवारी जनतेसाठी खुली असणे अत्यावश्यक आहे, कारण ती पाहून कर्ज देणाऱ्या बँका आणि गुंतवणूकदारही जाब विचारू लागतात.

लहान उद्योगांना मात्र दंडाच्या जोडीला तांत्रिक मदत आणि पुरेशी मुदत द्यावी लागते, नाहीतर तेच प्रदूषण ढिल्या देखरेखीच्या प्रदेशात जाऊन बसते.