विद्यार्थी असताना केलेल्या शॉर्ट फिल्ममधून खरंच काही शिकायला मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की वेंगुर्ल्याला कॉलेजात आहात, प्रोजेक्टसाठी शॉर्ट फिल्म करायची आहे आणि घरचे विचारतायत, यातून मार्कांपलीकडे मिळणार काय? मी मालवणची. मास मीडियाच्या तीन वर्षांत तीन फिल्म केल्या, एकही कुठल्या महोत्सवात गेली नाही. सध्या मुंबईत एडिटिंग करते. कॅमेऱ्याची बटणं यूट्यूबवर बघूनही शिकता येतात, त्यामुळे ते सोडते.

पहिली फिल्म आजोबा-नातवाची. किनाऱ्यावर बसून दोघांचं बोलणं, सात मिनिटं. आजोबांचे शॉट एका रविवारी घेतले, नातवाचे पुढच्या रविवारी. प्रकाश जुळावा म्हणून दोन्ही दिवस दुपारी तीनचीच वेळ धरली आणि स्वतःवर खूश झाले. प्रकाश जुळलाही. एडिटिंगला बसल्यावर दिसलं की आजोबांच्या मागे पाणी पार होडीला टेकलंय आणि नातवाच्या मागे पन्नास पावलं सुकी पुळण. एकाच संभाषणात दर चार सेकंदांनी समुद्र पुढे-मागे!

शेजारच्या आबांचा सगळा जन्म मासेमारीत गेला. त्यांना दाखवलं तर हसले. "गे बाय, पाणी काय तुझ्यासाठी थांबतला?" मग हिशोब सांगितला, जो आमच्याकडच्या जुन्या मच्छीमारांना पाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पहिल्या रविवारी चतुर्थी होती. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. पुढच्या रविवारी एकादशी. भरती सव्वाआठला, आणि तिथून सहा तासांनी, अडीचच्या सुमाराला, सुकती, म्हणजे ओहोटी. मी नेमकी उलटी वेळ साधली होती. पंधरवड्याने पुन्हा चतुर्थी येते, तेव्हा तीन वाजता पाणी जवळजवळ तिथेच असतं. म्हणून नातवाचे शॉट वद्य चतुर्थीला परत घेतले. पाणी जुळलं, प्रकाश जुळला, पण आमच्या नायकाने मधल्या काळात केस बारीक करून घेतले होते. शेवटी आबांची टोपी त्याच्या डोक्यावर चढवली. परीक्षकांनी त्या टोपीचं 'प्रतीक' म्हणून कौतुक केलं, आम्ही माना डोलावल्या.

दुसरी माहितीपट म्हणून केली, रापणीवर. होडीने जाळं अर्धगोल सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून दोन गट ओढत आणतात. मी एका गटाला उत्तरेकडून शूट केलं, दुसऱ्याला दक्षिणेकडून, कारण तिथे उभं राहायला जागा बरी होती. पडद्यावर एक गट डावीकडे ओढतोय, दुसरा उजवीकडे. "कोण जिंकलं?" मैत्रिणीने विचारलं. खरोखरच रस्सीखेच दिसत होती. १८० अंशांचा नियम, म्हणजे कॅमेरा दृश्याच्या एकाच बाजूला ठेवायचा, वर्गात फळ्यावर काढून झाला होता, परीक्षेत त्यावर मार्कही मिळाले होते. तेव्हापासून किनाऱ्यावर गेले की आधी ठरवते, फ्रेममध्ये समुद्र कुठल्या हाताला ठेवायचा, आणि मग कॅमेरा काढते.

याच फिल्मने आवाजाचा धडा दिला आणि माझ्या मते तो सगळ्यात मोठा. किनाऱ्यावर प्रत्येक शॉटमध्ये लाट असते. शॉट कापला की लाटही अर्ध्यात कापली जाते, आणि डोळ्याला न दिसणारा कट कानाला खटकतो. उपाय साधा आहे, पण जागेवरच करावा लागतो. शूटिंग संपलं की सगळ्यांना गप्प करून पाच मिनिटं नुसता समुद्र रेकॉर्ड करायचा आणि तो सलग खाली अंथरायचा. माणसांचे आवाज माईक जवळ धरून घ्यायचे, म्हणजे त्यांच्यामागची लाट दबते. आम्ही हे केलं नव्हतं. एका संध्याकाळी परत जाऊन समुद्र आणला. वाऱ्यासाठी माईकवर फर लावतात. आम्ही लोकरीच्या कानटोपीत माईक कोंबला. बऱ्यापैकी चाललं.

बाकी पैसे, जेवणाचे डबे, न आलेले मित्र, यावर वेगळं लिहीत नाही. ते सगळीकडे सारखंच.

तुमची गोष्ट किनाऱ्यावरची असेल तर तारीख ठरवण्याआधी कालनिर्णय काढा. सलग दोन दिवस शूट असेल तर दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा सुरू करा, पाणी साधारण तिथेच सापडेल. प्रकाशातला तेवढा फरक कलर करताना सावरता येतो. रात्री ट्यूबलाइटखाली काम असेल तर शटर ऑटोवर ठेवू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर ते दिसत नाही. आमच्या तिसऱ्या फिल्ममध्ये काळे पट्टे सरकत राहिलेत, ते यामुळेच.

ती तिसरी दशावतारावर होती. जत्रेच्या रात्री देवळामागे एक वयस्कर नट स्वतःच स्वतःचं तोंड रंगवत बसले होते आणि मी त्यांची मुलाखत घेत होते. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या रचायचे असतात. म्हणून विचारलं, ऐन वेळी काहीच सुचलं नाही तर काय करता? ते आरशात बघत थांबले. मला वाटलं, उत्तर नाही. मी पुढचा प्रश्न विचारला. आधीच्या उत्तरांवरही माझं "हो, हो, बरोबर" चढलेलं होतं, त्यामुळे निम्मी मुलाखत वापरता आली नाही. आता दुसऱ्यांच्या मुलाखती कापते तेव्हा प्रश्न विचारणारा गप्प बसला की त्याचे मनातल्या मनात आभार मानते.

पुढच्या वर्षी त्याच जत्रेत त्यांना गाठून तोच प्रश्न केला. म्हणाले, "तेव्हा काय सांगूचा होता, ता आता खंय आठवता!" फुटेज अजून माझ्याकडे आहे. अर्धा रंगलेला चेहरा, बोलायला नुकतंच उघडलेलं तोंड, आणि त्यावर माझा आवाज: "बरं, पुढचं…"