शंका-समाधान: फोन वाजतो, पण मोडेम उचलत नाही

या वेळच्या बहुतेक पत्रांत अडचण एकच आहे. दूर ठेवलेला संगणक आपल्या जागेवरून चालवायचा आहे, कधी फोनच्या लाइनवरून, कधी नेटवर्कवरून, आणि जोडणी काही केल्या होत नाही. मोडेमच्या, म्हणजे संगणकाला फोन लाइनशी जोडणाऱ्या उपकरणाच्या, कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत द्या.

प्रश्न: यंत्राला जोडलेल्या जुन्या संगणकावर विंडोज एक्सपी आहे. रिमोट अ‍ॅक्सेसचा होस्ट प्रोग्राम ‘कॉलची वाट पाहत आहे’ असे दाखवतो, पण बाहेरून फोन लावला की रिंग नुसती वाजत राहते. प्रोग्राम दोनदा काढून पुन्हा टाकला. आता काय करावे?

उत्तर: प्रोग्रामला तूर्त हात लावू नका. दोनदा टाकूनही फरक पडला नाही, म्हणजे दोष बहुधा त्याच्या खाली, मोडेम किंवा पोर्टमध्ये आहे. होस्ट, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी घेणारा तो प्रोग्राम, पूर्ण बंद करा आणि एक्सपीसोबत येणारा हायपरटर्मिनल उघडा, त्यातून मोडेमला थेट कमांड देता येतात. जोडणी विचारेल तेव्हा मोडेमचे नाव न निवडता थेट कॉम पोर्ट निवडा. वेग ११५२००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल हार्डवेअर. मग एटी टाइप करून एंटर दाबा.

‘ओके’ उमटले नाही, तर पोर्ट चुकीचा आहे किंवा दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवला आहे. पोर्ट उघडतानाच चूक आली तर सहसा या दोहोंपैकी दुसरे कारण असते, आणि धरणारा बहुतेक वेळा फॅक्सचा प्रोग्राम निघतो. ‘आलेले फॅक्स आपोआप घ्या’ ही खूण चालू राहिलेली असते आणि तो पडद्यामागे पोर्ट अडवून बसतो. विंडोजच्या डायल-अपमध्ये हीच अडचण एरर ६३३ म्हणून दिसते. फॅक्सची सेवा थांबवा आणि पुन्हा तपासा. जुन्या आयएसए कार्डाचा मोडेम असेल तर आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी उपकरणाला दिलेला क्रमांक, तोही पाहा: कॉम १ आणि कॉम ३ दोघेही आयआरक्यू ४ वापरतात, कॉम २ आणि कॉम ४ आयआरक्यू ३. कॉम १ वर सीरियल माउस आणि कॉम ३ वर मोडेम असेल, तर माउस हलवताच मोडेम गप्प होतो.

‘ओके’ आले, की तसेच बसा आणि दुसऱ्या फोनवरून त्या लाइनला फोन लावायला सांगा. प्रत्येक घंटेला पडद्यावर ‘रिंग’ हा शब्द इंग्रजीत उमटला पाहिजे. उमटत नसेल तर घंटा मोडेमपर्यंत पोहोचतच नाही. वायर मोडेमच्या ‘लाइन’ लिहिलेल्या खाचेत आहे का, की शेजारच्या ‘फोन’ खाचेत गेली आहे, ते आधी पाहा. त्याच लाइनवर आन्सरिंग मशीन असेल तर ते मोडेमच्या आधी फोन उचलते. त्याच्या घंटांची संख्या वाढवा किंवा ते काढून टाका.

‘रिंग’ दिसते आहे, तर तिथेच एटीए, म्हणजे फोन उचलण्याची कमांड, द्या. मोडेमने लाइन उचलून किंचाळायला सुरुवात केली, की हार्डवेअर निर्दोष ठरले. आता होस्टच्या सेटिंगकडे वळा. तिथे मोडेम दोन प्रकारे निवडता येतो: विंडोजमध्ये बसवलेला मोडेम, टॅपी या विंडोजच्या सोयीतून, किंवा थेट कॉम पोर्ट. आमचा सल्ला टॅपीचा, कारण त्यात सुरुवातीच्या कमांड विंडोजच्या ड्रायव्हरकडून जातात. थेट पोर्ट निवडला तर यादीतले मोडेमचे मॉडेल तंतोतंत जुळावे लागते. यादीत तुमचे मॉडेल नसेल तर ‘जेनेरिक’ निवडा आणि सुरुवातीची कमांड म्हणून एटी&एफ द्या.

बरेच होस्ट प्रोग्राम ‘रिंग’ वाचून स्वतः एटीए पाठवतात, त्यामुळे किती घंटांनी मोडेमने आपणहून उचलायचे ते सांगणारे एस० रजिस्टर शून्यच ठेवावे लागते. तुमचा प्रोग्राम तसे करत नसेल तर एटीएस०=२ द्या आणि एटी&डब्ल्यूने मोडेममध्ये जतन करा. १ ऐवजी २ याकरता, की बऱ्याच लाइनवर कॉलर आयडी पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मध्ये येतो आणि पहिल्याच घंटेला उचलले की तो हरवतो.

एक बाब सगळ्यांकडूनच सुटते: संगणक झोपला तर होस्टही झोपतो. पॉवर ऑप्शन्समध्ये स्टँडबाय आणि हायबरनेट ‘कधीच नाही’ करा. मोडेम यूएसबीचा असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबची ‘वीज वाचवण्यासाठी बंद करू द्या’ ही खूणही काढा.

प्रश्न: दोन्हीकडचे मोडेम ५६के आहेत, तरी जोडणी ३१२०० वरच होते आणि पडदा भरायला मिनिटे लागतात. मोडेम खराब आहे का?

उत्तर: मोडेम उत्तम आहे, सेकंदाला ३१२०० बिट हा चांगला आकडा आहे. ५६के म्हणजे व्ही.९० हे मानक. त्यात एक टोक डिजिटल लाइनवर असते, जसे इंटरनेट पुरवणाऱ्याकडे, आणि वाटेत अ‍ॅनालॉगचे डिजिटल रूपांतर टाळून वरचा वेग मिळतो, तोही फक्त उतरणाऱ्या दिशेने. दोन्ही टोकांना साधी फोन लाइन असली की मोडेम व्ही.३४ वर येतात आणि तिथे कमाल मर्यादा ३३६०० आहे. मोडेम बदलून ती ओलांडता येणार नाही.

करण्यासारखे आहे ते पडद्याच्या बाजूला, आणि तिथे फरक मोठा पडतो. हिशेब मांडून पाहा. एका बाइटला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण ३१२० बाइट. १०२४ बाय ७६८ चा १६ बिट रंगांचा पडदा म्हणजे १५,७२,८६४ बाइट. कॉम्प्रेशन नसते तर तो पाठवायला साधारण साडेआठ मिनिटे लागली असती. तोच पडदा ८ बिट म्हणजे २५६ रंगांवर आणला की वेळ निम्मा. ८०० बाय ६०० आणि २५६ रंग ठेवले, तर अडीच मिनिटांच्या आसपास. प्रत्यक्षात कॉम्प्रेशनमुळे वेळ याहून पुष्कळ कमी लागतो, आणि ते किती साधेल हे पडद्यावर काय आहे यावर ठरते. एकरंगी पार्श्वभूमी जवळजवळ फुकटात जाते, वॉलपेपरचे छायाचित्र मात्र फारसे आकसत नाही.

म्हणून होस्टवर वॉलपेपर काढा, स्क्रीनसेव्हर बंद करा, खिडक्या सरकताना आतला मजकूर दाखवणे आणि मेनूचे अ‍ॅनिमेशन बंद करा, फाँट गुळगुळीत करणेही. रिमोट बाजूला, म्हणजे तुमच्यासमोरच्या संगणकावर, रंग २५६ किंवा त्याहून कमी आणि बिटमॅप कॅश, म्हणजे आधी आलेली चित्रे साठवून वापरणे, चालू ठेवा. फाइल पाठवायची असेल तर पडदा उघडा ठेवून पाठवू नका, दोन्ही कामे त्याच अरुंद वाटेवर भांडतात. मोडेमचे एरर करेक्शन मात्र बंद करू नका.

प्रश्न: जोडणी होते, पण कधी पाच तर कधी वीस मिनिटांनी तुटते. वेळ ठरलेली नाही.

उत्तर: वेळ ठरलेली असती तर आम्ही निष्क्रियतेच्या टायमरवर बोट ठेवले असते. अनियमित तुटते, म्हणजे लाइनवर काहीतरी येते. पहिला संशय कॉल वेटिंगवर. त्याचा ‘बीप’ कॅरियर, म्हणजे दोन मोडेममधला सतत चालणारा सूर, क्षणभर तोडतो आणि मोडेम समजतो की समोरच्याने फोन ठेवला. फोन कंपनीकडून ती सोय बंद करून घ्या. तोवर एटीएस१०=५० द्या. एस१० हे सेकंदाच्या दशांशांत मोजले जाते, त्यामुळे कॅरियर गेल्यावर मोडेम ५ सेकंद थांबेल. कित्येक मोडेममध्ये ते मुळात १४, म्हणजे जेमतेम दीड सेकंद असते.

दुसरा संशय त्याच लाइनवरच्या दुसऱ्या फोनवर. कोणी रिसीव्हर उचलला की संपले. खरखर असेल तर मोडेम वेग वर-खाली करत बसतो आणि शेवटी दम तोडतो. अशा वेळी मोडेमच्या माहितीपुस्तिकेत एटी+एमएस कमांड शोधा आणि कमाल वेग १९२०० किंवा १४४०० ला बांधा. संथ पण न तुटणारी जोडणी कामाची असते.

प्रश्न: दूरच्या विंडोज सर्व्हरला डायल करून जोडले आणि त्यावरून व्हीएनसी (दूरचा पडदा आपल्याकडे दाखवून चालवू देणारा प्रोग्राम) चालवले की माझ्या संगणकावरचे इंटरनेट बंद पडते.

उत्तर: डायल-अप जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये टीसीपी/आयपी निवडा, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जा आणि ‘रिमोट नेटवर्कवरचा डिफॉल्ट गेटवे वापरा’ ही खूण काढा. ती असेपर्यंत तुमची सगळी रहदारी त्या फोन लाइनवरून जाऊ पाहते. दोन्हीकडच्या नेटवर्कची पत्ते-मालिका एकच, समजा १९२.१६८.१, असेल तर एका बाजूची बदला, नाहीतर पुढे वेगळाच गोंधळ होईल.

प्रश्न: कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये व्हीएनसी छान चालते. बाहेरून इंटरनेटवरून जोडायला गेले की काहीच होत नाही.

उत्तर: टप्प्याटप्प्याने बाहेर सरका. आधी होस्टवर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट -एएन द्या. ५९०० पोर्टसमोर ‘लिसनिंग’ दिसावे आणि पत्ता ०.०.०.० असावा. १२७.०.०.१ असेल तर तो फक्त स्वतःचेच ऐकतो आहे. मग शेजारच्या संगणकावरून टेलनेटने होस्टच्या पत्त्याला ५९०० वर जोडा. व्हीएनसी जागे असेल तर आरएफबी ००३ ने सुरू होणारी एक ओळ लगेच येते. ती ओळ दिसली की आतल्या बाजूची काळजी सोडा.

पुढचा मुक्काम राउटर. होस्टला राउटरमध्ये पत्ता राखून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तो बदलेल आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी आतल्या ठरलेल्या संगणकाकडे वळवणे, भलत्याच संगणकाकडे जाईल. फॉरवर्ड करायचे पोर्ट: व्हीएनसीला टीसीपी ५९००, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपला टीसीपी ३३८९, पीसीएनीव्हेअर या जुन्या रिमोट प्रोग्रामला टीसीपी ५६३१ आणि यूडीपी ५६३२ दोन्ही. आता राउटरच्या पानावरचा बाहेरचा, म्हणजे वॅनचा, पत्ता वाचा. तो १०, १९२.१६८, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुमच्यावर आणखी एक नॅट, म्हणजे अनेकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणारी सोय, बसलेले आहे. तुमचे फॉरवर्डिंग कितीही बरोबर असले तरी बाहेरून कोणी पोहोचणार नाही, सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा लागेल. चाचणीही खरोखर बाहेरून, मोबाइलच्या इंटरनेटवरून करा. अनेक राउटर आतून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर परत येऊ देत नाहीत आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो.

हे सगळे जुळले, की तेच ५९०० पुन्हा बंद करा. वर फॉरवर्डिंग सांगितले ते वाट मोकळी आहे का हे कळावे म्हणून. रोजच्या वापराला एसएसएचचा बोगदा किंवा व्हीपीएन घ्या, दोन्हींत मजकूर सांकेतिक होऊन जातो. बोगद्यात रिमोट बाजूचे ५९०१ होस्टच्या लोकलहोस्ट:५९०० ला जोडायचे आणि व्ह्यूअरला लोकलहोस्टचे ५९०१ सांगायचे. जोडताच ‘नाकारले’ आले तर व्हीएनसी सर्व्हरमध्ये ‘लूपबॅक जोडण्या चालू द्या’ ही खूण करा. अनेक सर्व्हरमध्ये ती मुळात बंद असते.

प्रश्न: व्हीएनसीला १४ अक्षरांचा पासवर्ड ठेवला आहे. तेवढा पुरे ना?

उत्तर: व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत पहिली ८ अक्षरेच धरली जातात, उरलेली ६ कोणी पाहतही नाही. शेवटची ६ चुकीची टाइप करून जोडून पाहा. आत आलात, तर तुमचा सर्व्हर तीच पद्धत वापरतो आहे. शिवाय पडद्यावरचे सगळे उघडे जाते, म्हणून वरचा बोगदा. पीसीएनीव्हेअर वापरत असाल तर ते इंटरनेटवर मुळीच ठेवू नका. त्याचा सोर्स कोड चोरीला गेल्याचे ते बनवणाऱ्या सिमॅन्टेकने २०१२ मध्ये मान्य केले आणि २०१४ मध्ये ते बंदच केले, दुरुस्त्या येणार नाहीत.

फोन लाइनवरच्या होस्टलाही कुलूप हवे, कारण नंबरांमागून नंबर फिरवून उचलणारे मोडेम शोधणे फार जुने आहे. कॉलबॅक चालू करा: होस्ट नाव-पासवर्ड घेतो, फोन ठेवतो आणि आधी नोंदवलेल्या नंबरलाच उलट फोन लावतो. चुकीच्या पासवर्डच्या प्रयत्नांची मर्यादा ३ ठेवा, आणि जोडणी तुटली की होस्टने वापरकर्त्याला लॉग-ऑफ करावे ही खूण जरूर करा. ती नसेल तर मध्येच लाइन गेल्यावर पुढचा फोन करणारा थेट तुमच्या उघड्या पडद्यावर येऊन बसतो.