'विद्यार्थी-खेळाडू' की 'खेळाडू विद्यार्थी'?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या खेळांचा इतिहास आणि तिथल्या खेळाडूंचं शिक्षण, यांवर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांविषयी मराठीत लिहायचं आहे. 'स्टुडंट-ॲथलीट'ला काय म्हणावं?

'ॲथलीट' तसाच ठेवू नका. आपल्याकडे ॲथलीट म्हणजे धावणारा, उड्या मारणारा, फार तर भाला-गोळा फेकणारा. फुटबॉलवाल्याला आपण ॲथलीट म्हणत नाही, अमेरिकन म्हणतात. 'क्रीडापटू'ला वर्तमानपत्राचा वास येतो. साधा 'खेळाडू' बरा.

आता क्रम. अशा जोडीत मराठी माणूस वजन मागच्या शब्दावर टाकतो. 'डॉक्टर जावई' मुळात जावईच, डॉक्टरकी हे त्याचं भूषण. दहावीच्या सवलतीच्या गुणांबाबत 'खेळाडू विद्यार्थी' म्हणतात ते म्हणूनच बरोबर, कारण गुण विद्यार्थ्याच्या पदरात पडतात. 'विद्यार्थी खेळाडू' हा मात्र 'महिला खेळाडू'च्या घरातला. तो मुळात खेळाडू.

इंग्रजीतही खरं तर वजन मागेच पडतं. पण या शब्दाची नाळ कोर्टकचेरीत पुरलेली आहे. १९५३ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठाच्या नेमेथ या जखमी फुटबॉल खेळाडूला विद्यापीठाचा कर्मचारी मानून भरपाई दिली. टेनिस कोर्टांची निगा राखायचं त्याचं काम फुटबॉल खेळण्यावरच टिकून होतं. कॉलेजांच्या पोटात गोळा आला. १९५५ मध्ये त्याच राज्यात रे डेनिसन हा कॉलेजचा फुटबॉल खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली, ती १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने नाकारली. कॉलेज-खेळांची शिखर संस्था एनसीएए हिचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९९५ च्या आत्मकथनात कबूलच करून टाकलं: खेळाडू नोकर ठरू नयेत म्हणून आम्ही 'स्टुडंट-ॲथलीट' हा शब्द घडवला आणि सगळीकडे तोच वापरायला लावला. जोडरेघेचा एवढा किफायतशीर वापर माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

२००५ मध्ये एलन स्टौरॉव्स्की आणि ॲलन सॅक या दोन अभ्यासकांनी सहकाऱ्यांना सरळ सुचवलं की संशोधनात हा शब्द वापरण्याचा फेरविचार करा. सॅक स्वतः नोत्र दाम विद्यापीठाच्या १९६६ च्या राष्ट्रीय विजेत्या फुटबॉल संघात होते, नंतर समाजशास्त्रज्ञ झाले. म्हणजे बोलणारा मैदानातून आलेला.

म्हणून एनसीएएचा शब्द उद्धृत करताना 'विद्यार्थी-खेळाडू' लिहा, जोडरेघ आणि अवतरणचिन्हांसकट. तुमच्या स्वतःच्या वाक्यात 'कॉलेजचे खेळाडू' पुरे.

आणि हो, प्राध्यापकांचा विषय 'क्रीडाशिक्षण' असं लिहू नका. 'खेळाडूंचं शिक्षण' असंच फोडून लिहा, नाहीतर वाचकाला शिट्टीवाले पीटीचे सर दिसतील.