जुन्या मित्रांसोबतच्या शनिवार-रविवारी गाणं ऐकायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजचे मित्र वर्षातून एकदा रिसॉर्टवर जमता, पहिल्या रात्रीच गप्पा संपतात आणि दुसऱ्या दिवशी जो तो मोबाइलमध्ये. एखाद्या मैफलीला जावं असं मनात आहे, पण सगळ्यांना शास्त्रीय संगीत कळत नाही.

जरूर जा. आम्ही सांगलीत शिकलेले चौघं आता ठाणे, बेळगाव, कोल्हापूर असे पांगलोय, आणि आमचं भेटायचं ठिकाण मिरज आहे. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात तिथे संगीत सभा होते. किराणा घराण्याचे, म्हणजे त्या गायन-परंपरेचे, उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. 1937 साली ते वारले आणि याच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. कलाकार इथे हजेरी लावायला येतात, मानधनासाठी नाही. ऐकणाऱ्यालाही तिकीट लागत नाही. शेजारी फुलंवाला बसलेला असतो, एखादी आजी नातवाला मांडीवर घेऊन ऐकत असते. सभागृहातल्या मैफलीत ज्यांना उगाच दडपण येतं, तेही इथे मोकळे बसतात.

मैत्रीच्या दृष्टीने मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की तास-दोन तास काही बोलावं लागत नाही. हॉस्टेलला असताना आपण किती वेळ नुसते एकमेकांशेजारी पडून असायचो! पुढे भेटी ठरवून व्हायला लागल्या, तसं आल्या आल्या बोलायलाच हवं असं होऊन बसलं. नोकरी, मुलांचं शिक्षण, कोणाचं बीपी किती, की झालं. सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलं की तो जुना निवांतपणा परत मिळतो. म्हणून सांगतो, खुर्च्या असल्या तरी भारतीय बैठकीतच बसा.

‘कळत नाही’ याची काळजी करू नका. आमच्यातला एक पक्का मशीन शॉपमधला माणूस, गाण्याशी त्याचा काही संबंध नाही. एकदा दुपारी आम्ही त्याला सतारमेकरांच्या कारखान्यात नेलं. मिरजेची सतार आणि तानपुरा पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध, 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे एक कारागीर तानपुऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तार झणकारावी म्हणून घोडी घासून बेताची करत होते. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, जरा कानस फिरवायची, तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला आणि इतका वेळ बद्द वाजणारी तार एकदम झणकारली. आमचा गडी मायक्रॉनमध्ये विचार करणारा, तो तिथून हलेचना. किती घासायचं हे कसं ठरवता, असं त्याने विचारलं. कारागीर म्हणाले, कानाने.

त्या संध्याकाळी मारवा राग झाला. गायक गळा उघडायच्या आधीच आमचा हा गडी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “अरे, हा तानपुरा दुपारच्यासारखा वाजत नाहीये.” खरंच होतं ते! मारव्यात पंचम, म्हणजे ‘प’ हा स्वर, वर्ज्य, म्हणून पंचमाची तार निषादाला, म्हणजे ‘नी’ला, लावली होती, आणि दुपारी कारखान्यात त्याने पंचमातला तानपुरा ऐकला होता. रागाचं नावही ठाऊक नसलेल्या माणसाच्या कानाने ते बरोबर टिपलं. नंतर तो शेवटपर्यंत डोळे मिटून बसला होता. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

गाणं संपल्यावरचं बोलणंही वेगळं होतं. आम्ही चहा घेऊन चालत निघतो. एकाचे वडील त्याच वर्षी गेले होते. फोनवर तो फक्त ‘ठीक आहे रे’ म्हणायचा. त्या रात्री स्टेशन रोडवर तो वडिलांविषयी बराच वेळ बोलला, आणि आम्हीही मध्ये सल्ले न देता ऐकलं. तो मारव्याचा परिणाम होता की काय, हे सिद्ध करता येणार नाही. माझ्या मनाला मात्र शंका नाही.

पुण्याच्या बाजूचे असाल तर डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव आहेच. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशींनी 1953 मध्ये सुरू केलेला. तिथे दुपारपासून बसा. मुलतानी, भीमपलास हे दुपारचे राग आपण एरवी त्यांच्या वेळेला ऑफिसात असल्यामुळे ऐकतच नाही. फक्त सगळी सत्रं ऐकायचा हट्ट नको. एखादा कंटाळला तर त्याला खुशाल बाहेर भजी खायला जाऊ द्या, दोन कार्यक्रमांच्या मध्ये तो परत येतो. आणि गाणं चालू असताना आपसात कुजबुज नको, पुढच्या ओळीत कुणीतरी वर्षभर वाट पाहून आलेलं असतं.

मिरजेला यायचं ठरलं तर उरुसाची तारीख आधी बघा, ती शनिवार-रविवारी येईलच असं नाही, रजा टाकावी लागेल. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस पहाटे मिरजेत सोडते. दुपार सतारमेकर गल्लीसाठी राखून ठेवा आणि परतताना सांगलीचं भडंग घ्या.